दुखतंय की

"तुझं यंत्र चाललं नाही, स्वप्नाली. मान्य कर आणि मोकळी हो," वीरधवल सर म्हणाले, आणि वर हसले. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं. नुसतं बोलले असते तर कदाचित मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं.

कराडजवळच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. सर तिचे मालक, मी तिथली इंजिनिअर. आम्ही मानेत बसवायचं एक यंत्र बनवतो, घेवड्याच्या दाण्याएवढं. आमवात झाला की शरीराची राखण करणाऱ्या पेशी उलटतात आणि स्वतःच्याच सांध्यांवर तुटून पडतात. बोटं सुजतात, वाकतात, सकाळी उठल्यावर मूठ उघडत नाही. मेंदूकडून पोटाकडे जाणारी एक लांब नस मानेतून खाली उतरते. तिला रोज पहाटे विजेचा अगदी हलका ठोका दिला, तर ती या पेशींना आवर घालते. आठवड्यातून एकदा गळ्यात एक पांढरी कडी घालून बसायचं, म्हणजे आतलं यंत्र चार्ज होतं. ती कडी मी बनवली. आतलं सर्किटही निम्मं माझंच. पण यंत्र चाललं तर ते 'आपल्या कंपनीचं' असतं आणि चाललं नाही की लगेच 'तुझं' होतं. हे मला नोकरीत लागल्यापासून माहीत आहे आणि तेव्हापासूनच त्याची चीड आहे.

सांगलीच्या एका रुग्णालयात या यंत्राची दोन वर्षं चाचणी चालली होती. कृष्णाकाठच्या काही बायका होत्या आणि खटाव-माणकडच्या आमच्या कोरड्या मुलखातल्या काही. त्यांतलीच एक माझी आई, तानुबाई. डॉक्टर राजनंदिनींनी तिला इतर पेशंटांसारखंच तपासून निवडलं होतं. मी कंपनीची माणूस, म्हणून तिच्या तपासणीच्या वेळी मला खोलीत पाय ठेवायची बंदी होती आणि तिच्या उत्तरांबद्दल तिच्याशी बोलायचीही. नियम बरोबर होता. तपासणी सोपी असते. डॉक्टर एकेक सांधा दाबतात आणि विचारतात, "दुखतं का?"

कृष्णाकाठच्या बायका महिन्या-दोन महिन्यांतच "नाही हो, आता बरंय" म्हणायला लागल्या. आमच्याकडच्या बायका दोन वर्षं एकच पालुपद धरून बसल्या, "दुखतंय की." सूज उतरली, रक्ताचे रिपोर्ट सुधारले, तरी दुखतंयच. सूज आणि दुखणं दोन्ही कमी झालं तरच यंत्र लागू पडलं म्हणायचं, असा नियम. म्हणून आमच्या बायकांच्या बाबतीत यंत्र नापास. आणि ज्यांना लागू पडलं नाही त्यांचं यंत्र शेवटच्या तपासणीला बंद करून टाकायचं, हाही नियमच. आईची शेवटची तपासणी गुरुवारी होती. त्या दिवशी ती जे बोलेल त्यावर ठरणार होतं.

"पण सर, सूज गेलीय. मग दुखणं का जात नाही, हे कुणी शोधायचं?" मी विचारलं.

"गोळ्यांनी गेली असेल सूज. आणि खरं सांगू? आता यंत्रांचा जमाना राहिला नाही. पेशींचा आलाय."

हे मात्र खरं होतं, सरांचं मन कधीच पेशींकडे गेलं होतं. पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना शहाणं करायचं आणि परत अंगात सोडायच्या. चांगलं काम आहे, उद्या त्यातून कुणाचं भलं होईल. पेशींवर माझा राग नाही. राग आहे तो सोयीचं उत्तर मिळाल्यावर पुढचा प्रश्न न विचारणाऱ्या माणसावर. नवी प्रयोगशाळा उभी करायची तर जुनं यंत्र गुंडाळलेलं बरं, आणि ते आमच्याच बायकांनी स्वतःच्या तोंडाने गुंडाळून दिलं होतं.

रविवारी मी गावी गेले. आमचं गाव वडूजच्या पुढे, माळाला लागून. आमची धनगरांची वस्ती. आबा, म्हणजे माझे वडील हरिबा, मेंढरं घेऊन माळावर गेले होते. आई आणि वहिनी मंगल हौदावर घोंगडी धूत होत्या. भिजलेली घोंगडी म्हणजे काय ओझं असतं ते धुणाऱ्यालाच माहीत. एका टोकाला मंगल, दुसऱ्या टोकाला आई, आणि दोघी पीळ देत होत्या. मी बघतच राहिले. दोन वर्षांपूर्वी याच बाईच्या हातात चहाचा कप राहत नव्हता, तिची वेणी मंगल घालायची. आता आईने असा पीळ दिला की मंगलच्या हातातून घोंगडीचं टोक निसटलं.

"आये, हात दुखतायत का गं?" मी विचारलं.

"दुखत्यात की," आई म्हणाली आणि घोंगडी झटकून दगडावर टाकली.

माझा तोल गेला. नियमबियम सगळे गेले चुलीत. "खोटं बोलतेस! दोन वर्षं झाली खोटं बोलतेस! तुझं तिकडं यंत्र बंद करायला निघालेत आणि तू घोंगड्या पिळतेस!"

आई दचकली ती माझ्या बोलण्याला नव्हे, माझ्या आवाजाला. तिने आधी रस्त्याकडे बघितलं, मग बाजूला थू थू केलं आणि माझं मनगट धरून मला छपरात ओढलं. मनगट कळवळलं माझं, एवढी पकड.

"हळू बोल की जरा! समद्या वस्तीला ऐकवतीस व्हय?"

"ऐकू देत. बरी झालीस तर बरी झाले म्हणायला काय होतंय?"

"दिष्ट लागती," आई म्हणाली. पाणी वाहतं, आग जळते, तसं म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि इतका वेळ पडला नव्हता याची लाज वाटण्याऐवजी रागच आला. आमच्यात मेंढरं किती, हे कुणी कधी सांगत नाही. कुणी विचारलं तर आबा म्हणतात, "कशाची मेंढरं बाबा, हायत चार खुरडत." मेंढरं कोंडायचं वाडगं गच्च भरलेलं असलं तरी चारच, आणि तीही खुरडत. मी लहान असताना एकदा बिरोबाच्या जत्रेत आबा खुशीत येऊन चारचौघांत बोलून गेले होते, औंदा मेंढरं लय झ्याक हायत. त्याच पावसाळ्यात कळपात रोग शिरला आणि वाडगं ओस पडलं. त्या वर्षी लसच टोचली नव्हती, हे मला पुढे शिकल्यावर कळलं. घरच्यांना मात्र आबांचं तोंड नडलं होतं, एवढंच कळलं. तेव्हापासून आमच्या घरात चांगलं काही मोठ्याने बोलत नाहीत. मी इंजिनिअर झाले तेव्हासुद्धा आईने गावभर सांगितलं होतं, "झाली कशीबशी."

मंगलने कोनाड्यातून चार्जिंगची कडी काढून दाखवली. माझ्या पांढऱ्याशुभ्र कडीला आईने काळ्या दोऱ्यात ओवून एक बिब्बा बांधला होता.

"ह्यामुळंच टिकलंय," आई म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. आमच्या सगळ्या बायका हेच करत असणार. कुणीतरी कोट घालून विचारतंय, कसं वाटतंय, आणि या आपल्या म्हणतायत, हायत चार खुरडत. आणि आम्ही शहाणे, संगणकावर आलेख काढून म्हणतोय, यंत्र चाललं नाही.

"आये, ऐक. गुरुवारी डॉक्टर विचारतील. दुखतंय म्हणालीस तर बंद करतील. दुखत नाही म्हणालीस तर चालू ठेवतील. एवढंच आहे. एकदाच बोलायचंय."

आई बराच वेळ पदराच्या टोकाला गाठी मारत आणि सोडवत बसली. त्या बोटांनी बारीक गाठ मारणं म्हणजे काय, हे तिच्याही ध्यानात नव्हतं.

"दुखतंय म्हनलं तर ती मानसं बंद करनार," ती म्हणाली. "आन न्हाई म्हनलं तर दिष्टीनं जानार. मान्सापुढं हातापाया पडता येतंय. दिष्टीपुढं कुनाच्या पडू?"

"दृष्टबिष्ट काही नसतं!"

"तुझ्या आबाला इचार."

मी तशीच उठले, तिने थापलेली भाकरी न खाता दुपारची गाडी पकडली. मंगल पाठीमागे भाकरी बांधून घेऊन धावत आली, तर तिच्यावरही खेकसले. तिचा काय दोष होता? पण राग आला की मला दोष बघायला वेळ नसतो.

गुरुवारी मायणी, विटा, तासगाव करत आई आणि मंगल सांगलीला आल्या. मी आणि सर कराडहून आधीच पोचलो होतो. तपासणीच्या खोलीला दार होतं, पण ते फुगून बसायचं नाही म्हणून पडदा लावलेला. बाहेर बाकावर बनुबाई बसल्या होत्या, वडूजच्याच बाजूच्या, आईच्या पाठोपाठ त्यांचा नंबर. आजूबाजूला इतर डॉक्टरांकडे आलेली गर्दी. आईने आत जाताना माझ्याकडे बघितलं नाही.

मी पडद्याबाहेर उभी. आतून डॉक्टर राजनंदिनींचा शांत आवाज येत होता.

"हे बोट? दुखतं?"

"दुखतंय की."

"मनगट?"

"दुखतंय की."

शेवटी मी सरांकडे वळले आणि दृष्टीचं सगळं सांगितलं. मेंढरांचं, जत्रेचं, बिब्ब्याचंसुद्धा. सरांनी लॅपटॉपवरून मान वर केली.

"म्हणजे आता मी रिपोर्टमध्ये दृष्ट असं लिहू?"

"लिहा. खरं आहे ते. कृष्णाकाठच्या आणि आमच्या बायकांचे आकडे एवढे वेगळे का, याचं उत्तर ते आहे. सगळ्यांना परत नीट विचारा, वेगळ्या तऱ्हेने विचारा. घोंगडी पिळायला द्या."

"स्वप्नाली, सोमवारी तुमच्याच माणकडच्या त्या मनुबाईंचं यंत्र बंद केलं. त्या काही बोलल्या नाहीत. गपचूप गेल्या."

"आमच्या बायका गपचूपच जातात!"

"आवाज खाली." सरांनी लॅपटॉप मिटला. "हे बघ, या लोकांना दुखण्याचं कौतुक हवं असतं. बरं झालं की घरात कोण विचारतंय? दुखतंय म्हटलं की सून पाय चेपते. आणि तू आता आईच्या मायेपोटी काहीही कारणं शोधायला लागलीयस. तुझं यंत्र फेल गेलं. तुझ्या स्वतःच्या आईवरही चाललं नाही. याच्यापेक्षा आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

पडद्याच्या कड्या खळ्ळकन वाजल्या. आई बाहेर आली होती. मागे डॉक्टर.

"काय म्हनला सायेब?" आईने अगदी हळू विचारलं. "कुनाचं यंत्र चाललं न्हाई?"

"मावशी, तसं नाही. तुम्हीच तर आत सांगताय ना..."

"मी काय सांगती ते माझं मी बघून घीन. तुमी काय म्हनला, माझ्या पोरीला?"

आईच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. माझ्या आईला चिडलेली मी आयुष्यात क्वचितच बघितली आहे. घरात चिडायचं काम माझ्याकडे असतं. तिने दोन्ही हात पुढे केले, सरांच्या तोंडासमोर, आणि मुठी वळल्या, उघडल्या, परत वळल्या.

"ही बोटं बगा. डोळं हायत न्हवं? ह्या बोटांनी मला घास उचलता येत नव्हता, सून भरवत हुती. आता मी शेरडांची धार काडती, घोंगडी पिळती, कोकरू उचलती. माझ्या पोरीचं यंत्र चालतंय! लय झ्याक चालतंय! मी बरी हाय. दुखत न्हाई मला. कुटंसुदिक दुखत न्हाई!"

सगळा व्हरांडा वळून बघायला लागला. बनुबाई ताडकन उठल्या आणि आईचा पदर ओढू लागल्या. "आगं तानुबाई, तोंड आवर गं! काय बोलतीयास, चारचौगांत?"

आईने पदर सोडवून घेतला, पण तेवढ्यात तिला आपण काय बोललो ते उमगलं असावं. तिचा चेहरा राखेसारखा झाला. उघडलेले हात तिने पटकन पदराखाली लपवले, जशी काही ती बोटं कुणी आत्ताच हिसकावून नेणार होतं. भर दुपारी, परक्या गर्दीत, मोठ्याने, तिने आपल्या सुखाचा आकडा सांगून टाकला होता. स्वतःचे हात वाचवायला ती हे कधीच बोलली नसती. मला नालायक म्हटलेलं तिला सहन झालं नाही, म्हणून बोलली. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, की माझ्या आईला एवढं मोठं काही पणाला लावायला या माणसाच्या एका फुटकळ वाक्याने भाग पाडलं.

"आत या, तानुबाई," डॉक्टर म्हणाल्या. "आपण परत सुरुवात करू."

या वेळी पडदा उघडाच राहिला. डॉक्टर एकेक सांधा दाबत होत्या आणि आई डोळे मिटून "न्हाई" म्हणत होती. प्रत्येक 'न्हाई'ला डोळ्यांतून पाणी. दुखणाऱ्या माणसासारखी रडत होती ती, दुखत नाही हे सांगताना.

"हे चालणार नाही," सर म्हणाले. "मुलीच्या दबावाखाली उत्तर बदललंय."

"उत्तर बदललंय, सूज नाही बदलली," डॉक्टर त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "सूज मी कधीपासून गेलेली बघतेय. का दुखतं, हे मी विचारायला हवं होतं. यांचं यंत्र चालू राहील. आज काय घडलं ते मी लिहिते, पटत नसेल तर तुम्ही वर तक्रार करा. बनुबाई, तुमचंही आज काही बंद करत नाही. आधी आपण दोघी बोलू."

"आणि मनुबाई?" मी विचारलं.

"बघू," सर म्हणाले.

त्यांचं 'बघू' मला चांगलं माहीत आहे. ते म्हणजे नाही. मी तिथेच, त्यांच्यादेखत, मनुबाईंच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, आत्यांची बोटं कालपासून जड वाटायला लागलीत, पण त्या म्हणतात चालायचंच, आपलं नशीब. मी म्हटलं, नशीब गेलं खड्ड्यात, उद्याच्या उद्या त्यांना सांगलीला घेऊन या, डॉक्टर भेटतील.

"तू अजून माझ्याकडे नोकरीला आहेस," सर दात आवळून म्हणाले.

"आहे ना. म्हणून तर फोन केला," मी म्हटलं, आणि आईची पिशवी उचलून चालू पडले.

गाडीत आईचे हात पदराखालीच. विटा मागे पडल्यावर तिने हळूच उजवा हात बाहेर काढला, मूठ वळून बघितली, परत आत घेतला. थोड्या वेळाने परत तेच. मला ओरडावंसं वाटत होतं की अगं बाई, यंत्र चालू आहे, काही होणार नाही. पण ओरडून या बाईला काही पटत नाही हे रविवारीच कळलं होतं. शिवाय मीसुद्धा दर वेळी तिच्या मुठीकडे बघत होते.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आबा मेंढरं वाडग्यात घालत होते. आई दारातच थांबली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "सपने, दिष्ट काड माझी."

"मंगल काढेल."

"तुझ्यापायी बोलली. तूच काड."

मी चुलीपाशी गेले. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेतल्या. बाहेर येऊन आईवरून उतरवल्या. घरच्याची, दारच्याची, वाटेवरच्याची, व्हरांड्यातल्या गर्दीची, असं पुटपुटत गेले. त्यात वीरधवल सरांची दोनदा घातली. मग आत येऊन मूठ चुलीत निखाऱ्यांवर टाकली.

आमच्याकडे असं मानतात, की मिरच्यांचा ठसका लागला तर दृष्ट नव्हती. जळूनही ठसका लागला नाही, तर लागली होती, आणि जबर लागली होती.

मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या, वाकल्या. मी वाकून श्वास घेतला. काहीच नाही. धूर नुसताच वर गेला, कौलांतून बाहेर. मिरच्या जुन्या असतील. निखारे मंदावले असतील. मला कारणं माहीत होती, सगळी माहीत होती, तरी मी परत वाकून हुंगलं. वीज आणि नसांचं शिक्षण घेतलेली मी, चुलीसमोर उकिडवी बसून ठसक्याची वाट बघत होते.

"लागतोय का गं ठसका?" आईने उंबऱ्यावरून विचारलं. आवाज अगदी बारीक.

मी तोंड उघडलं आणि खोकायला लागले. घसा खरवडून खोकले, छाती धरून खोकले, डोळ्यांना पाणी येईपर्यंत खोकले. "लागतोय!" मी ओरडले. "लय लागतोय! मरते की काय!"

दोन वर्षं खोटं बोलते म्हणून जिच्यावर मी आरडाओरडा केला होता, तिच्यासाठी मी जीव तोडून खोटं खोकत होते.

आई लगबगीने आत आली. "बास, बास, पानी पी," म्हणाली, आणि माझ्या पाठीवर थापट्या मारायला लागली. उघड्या, सरळ, पाचही बोटांच्या थापट्या, भाकरी थापावी तशा दणदणीत. पाठ कळवळली माझी.

ती थांबली. घाबरून हात मागे घेत म्हणाली, "दुखलं का गं?"

मी दाराबाहेर अंधाराकडे बघितलं. कुणी ऐकत नव्हतं, तरी उगीच कशाला?

"दुखतंय की," मी म्हणाले.